नाव गौण नाही

प्रेम, मैत्री किंवा चांगलं जगणं यांविषयीचं एखादं वाक्य पु. ल. देशपांडे, व. पु. काळे, गौतम बुद्ध किंवा अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या नावाने समोर येतं. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारतं, हे त्यांनी कुठे म्हटलंय? त्यावर उत्तर ठरलेलं असतं. कुणी म्हटलं याला काय महत्त्व आहे? विचार चांगला आहे ना, मग झालं. लग्नाच्या व्यासपीठावर, शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत, शोकसभा संपल्यावर आणि दिवाळी अंकाच्या संपादकाच्या टेबलासमोरही हे उत्तर मी ऐकलं आहे. देणारी माणसं लबाड नसतात. चांगली गोष्ट चार लोकांपर्यंत पोचावी एवढाच त्यांचा हेतू असतो, आणि नावाची चौकशी करणारा त्यांना कोरडा, पुस्तकी वाटतो. म्हणूनच या उत्तराकडे नुसतं दुर्लक्ष करून भागणार नाही, त्याला नीट प्रत्युत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं, की इतर कुठल्या विषयात एक वेळ चालून जाईल, पण माणसांनी एकमेकांशी कसं वागावं आणि आयुष्य कसं काढावं हे सांगणाऱ्या वाक्यात सांगणारा कोण हा अर्थाचाच भाग असतो. नाव बदललं की वाक्यही बदलतं.

भूमितीचा सिद्धांत कुणी मांडला हे विसरलं तरी बिघडत नाही. पायथागोरसचं नाव पुसून टाका, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचं नातं तसंच राहतं, कारण शंका असेल त्याला कागद-पेन्सिल घेऊन ते सिद्ध करता येतं. ‘दुखावलेल्या मित्राकडे आधी आपण जावं’ हे कुठे सिद्ध करणार? त्याला आधार एकच असतो. कुणीतरी तसं गेलेलं असतं, गेल्यावर जे व्हायचं ते त्याने सोसलेलं असतं, आणि त्यानंतर तो हे बोललेला असतो. ऐकणारा तेवढ्या भरवशावर उठतो आणि मित्राच्या दारात जाऊन उभा राहतो. बोलणारा माणूस हाच इथला पुरावा. पुरावा खोटा जोडायचा आणि वर निष्कर्ष चांगला आहे म्हणायचं, हे मला मान्य नाही.

शिवाय नावाला खरोखरच महत्त्व नसेल तर ते लिहिलंच का जातं? वाक्य एकटं का पाठवलं जात नाही? कारण पाठवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, की खाली नाव नसेल तर लोक ते वाचून पुढे जातील. जोडताना नाव महत्त्वाचं असतं आणि कुणी विचारलं की तेच गौण होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लिंकन नावाचं एक लहान गाव आहे. १९०५ साली तिथे राहणाऱ्या बेसी अँडरसन स्टॅनली या बाईंनी बॉस्टनच्या एका मासिकाच्या स्पर्धेसाठी ‘यश कशाला म्हणावं’ या प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवलं. मर्यादा शंभर शब्दांची होती. त्यांना पहिलं बक्षीस मिळालं, अडीचशे डॉलरचं. पैसा, पद, कीर्ती यांचा त्या उत्तरात उल्लेखही नाही. आनंदाने आणि मायेने जगलेलं, आसपासच्या चार माणसांना बरं वाटावं असं साधं आयुष्य हेच यश, असं त्या सांगतात. आज हे टिपण थोडेफार शब्द बदलून जगभर राल्फ वाल्डो इमर्सन यांच्या नावाने छापलं जातं. इमर्सन १८८२ मध्ये वारले, म्हणजे टिपण लिहिलं गेलं त्याच्या तेवीस वर्षं आधी. इथे केवळ श्रेयाची चोरी झाली असती तरी मी तक्रार केली असती. पण नुकसान त्याहून मोठं आहे. प्रसिद्ध नसलेल्या माणसाचं आयुष्यही पूर्ण यशस्वी असू शकतं हे त्या टिपणाचं सांगणं, आणि ते सांगणारी बाई स्वतः प्रसिद्ध नव्हती. तिच्या जागी इमर्सनसारखा नामवंत उभा केला की त्या सांगण्याखालची जमीनच जाते. टिपण पुढे पाठवणाऱ्याने त्यातल्या विचारावर विश्वास ठेवला असता, तर त्याला नाव बदलावंसं वाटलंच नसतं.

दुसरं उदाहरण नाटकाचं. स्वतःशी प्रामाणिक राहावं, पारखून घेतलेल्या मित्रांना घट्ट धरून ठेवावं, हा उपदेश शेक्सपियरच्या नावाने छापला जातो. हे शब्द शेक्सपियरच्या लेखणीतून उतरले हे खरं, पण ते त्याचं मत म्हणून आलेले नाहीत. ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकात पोलोनियस हा दरबारी परदेशी निघालेल्या मुलाला हा उपदेश करतो. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा तोच पोलोनियस एका नोकराला मुलाच्या मागावर पॅरिसला धाडत असतो, आणि मुलाविषयी थोडं खोटंनाटं पसरवून लोकांकडून त्याची माहिती कशी काढायची तेही शिकवत असतो. पुढे पडद्याआड लपून दुसऱ्यांचं बोलणं ऐकतानाच त्याचा जीव जातो. प्रामाणिकपणाचा सुंदर उपदेश करणारा बाप स्वतः मुलावर विश्वास ठेवू शकत नाही, हे शेक्सपियरला दाखवायचं होतं. ती माणसाविषयीची फार खोल समज आहे. वाक्य कापून घेतलं की ती समज नाटकातच मागे राहते आणि हातात येतो तो फक्त पोलोनियसचा उपदेश. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये हे नाटक ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणलं. म्हणजे मराठी वाचकाला हा प्रसंग परका म्हणावा अशी स्थिती नाही.

वपुंचंही असंच झालं आहे. त्यांच्या कथांमध्ये संसारात चिरडलेली, संशयाने पोखरलेली, एकटी पडलेली माणसं बोलतात, आणि ती त्या क्षणी जे बोलतात ते वपुंचं जगण्याविषयीचं मत म्हणून फिरतं. वपुंनी स्वतःच्या लेखनातले वेचे ‘वपुर्झा’मध्ये वाचकांपुढे ठेवले, याची आठवण मला कुणीतरी करून देईल. मान्य आहे. पण ते लेखकाने स्वतः निवडले आणि त्याखाली सही त्याचीच होती. त्यामुळे त्याने कधीही न लिहिलेली वाक्यं त्याच्या खात्यावर टाकायचा परवाना इतरांना मिळत नाही.

नाव बदलल्याने अर्थ किती उलटा होऊ शकतो याचं मला माहीत असलेलं सर्वांत ठळक उदाहरण मदर तेरेसांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या उपदेशाचं आहे. लोक विचित्र वागले तरी त्यांच्यावर प्रेम करा, चांगलं केलंत तर स्वार्थी म्हणतील तरी चांगलंच करा, अशा धर्तीची ती यादी आहे. ती लिहिली केंट कीथ या एकोणीस वर्षांच्या मुलाने, १९६८ साली. तो हार्वर्ड विद्यापीठात शिकत होता आणि शाळांमधल्या विद्यार्थी प्रतिनिधींसाठी त्याने एक पुस्तिका तयार केली होती. तिच्यात अशा दहा आज्ञा होत्या. व्हिएतनाम युद्धाचा आणि विद्यार्थी आंदोलनांचा तो काळ. जग सुधारायला उत्साहाने निघालेली मुलं लोकांनी साथ दिली नाही की चिडून, कडवट होऊन परत येतात, हे त्याने पाहिलं होतं. त्यांना त्याला सांगायचं होतं, की लोकांवर चिडून लोकांना सोडू नका.

पुढे यांतल्या काही ओळी कोलकात्यात मदर तेरेसांच्या शिशु भवनात भिंतीवर लागल्या. १९९५ मध्ये मदर तेरेसांवरच्या एका पुस्तकात त्या छापून आल्या आणि तिथून जगाने त्या मदरच्याच मानल्या. मदर १९९७ च्या सप्टेंबरमध्ये वारल्या. त्यानंतर होनोलुलूतल्या रोटरी क्लबच्या बैठकीत एका सदस्याने मदरची कविता म्हणून ती यादी वाचली. ऐकणाऱ्यांत स्वतः कीथ बसलेले होते. तोवर आपली यादी मदरच्या नावावर गेली आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती.

आता खरा मुद्दा. मदरच्या नावाने फिरणाऱ्या अनेक प्रतींमध्ये शेवटी एक भर पडली आहे. हा सगळा व्यवहार अखेर तुम्ही आणि देव यांच्यातला आहे, तो तुमच्यात आणि त्या लोकांत कधी नव्हताच, अशा आशयाची. कीथ यांनी ही भर आपली नाही आणि आपल्याला पटत नाही, असं सांगितलं आहे. कसं पटेल? त्यांच्या यादीची सुरुवात लोकांवर प्रेम करण्यापासून होते, आणि ही भर म्हणते की लोकांचा यात संबंधच नाही. विद्यार्थ्याने विद्यार्थ्यांना सांगितलेली माणसांत टिकून राहण्याची गोष्ट संताच्या नावावर गेली, मग संताला शोभेल असा देवाचा शेवट तिला जोडला गेला, आणि माणसं बाजूला पडली. विचार महत्त्वाचा म्हणणाऱ्यांना मी विचारतो, यातला कुठला विचार महत्त्वाचा? कीथ यांचा, की तो पुसून टाकणारा?

इथवर मी लेखकांच्या बाजूने बोललो. पण मला अधिक काळजी ऐकणाऱ्याची आहे, विशेषतः ज्याच्यावर ही वाक्यं वापरली जातात त्याची. प्रेमाविषयीची सुवचनं क्वचितच निरुपद्रवी असतात. घरात त्यांचा उपयोग आज्ञा म्हणून होतो, आणि आज्ञा बहुधा दुबळ्या बाजूला दिली जाते. प्रेमात हिशेब नसतो हे वाक्य पगार घरात देऊन टाकणाऱ्या सुनेला ऐकवलं जातं. क्षमा करणारा मोठा असतो हे नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला ऐकवलं जातं. खरा मित्र काही मागत नाही हे उसने दिलेले पैसे परत मागणाऱ्याला ऐकवलं जातं. ही वाक्यं शेजारच्या काकूंनी म्हटली असती तर त्या मुलीने उलट उत्तर दिलं असतं. खाली बुद्धाचं नाव असलं की तिला बुद्धाशी वाद घालावा लागतो. तो घालण्याची ताकद त्या अवस्थेत कुणात असते? ती गप्प बसते, आणि बाकीच्यांना वाटतं तिला पटलं. नावाला महत्त्व नाही असं म्हणणाऱ्यांनी या मुलीसमोर बसून तसं म्हणून दाखवावं.

बुद्धाच्या बाबतीत तर आपल्याला काहीच सबब नाही. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी घर सोडून निघाले, श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात जाऊन पाली शिकले, आणि बुद्धाचं चरित्र व उपदेश त्यांनी मूळ ग्रंथांवरून मराठीत आणले. साध्या, सरळ मराठीत. ती पुस्तकं आजही मिळतात. पाली सुत्तांची एक रीत आहे. बहुतेक सुत्तांच्या आरंभी हे ऐकलेलं आहे असं सांगितलं जातं, आणि मग भगवान त्या वेळी कुठे राहत होते, श्रावस्तीत की राजगृहात, समोर कोण होतं, प्रश्न कुणी विचारला होता, हे येतं. पुत्रशोकाने वेडी झालेल्या बाईशी बुद्ध एक बोलतो, वाद जिंकायला आलेल्या ब्राह्मणाशी दुसरं, राजा प्रसेनजिताशी तिसरं. शिकवण कुणाला दिली गेली हे विसरलं तर ती चुकीच्या माणसाला लागू केली जाईल, म्हणून ऐकणाऱ्यांनी ठिकाण आणि माणूस शेकडो वर्षं तोंडपाठ जपला. ज्या परंपरेने एवढी काळजी घेतली तिच्या प्रवर्तकाच्या नावावर ठावठिकाणा नसलेली वाक्यं लावणं हा त्या परंपरेचा अपमान आहे.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो, आणि तो मला हलक्यात घ्यायचा नाही. ते म्हणतात, लेखकाच्या नावाचा हा आग्रह आपला नव्हेच. आपल्याकडे ओव्या, म्हणी, सुभाषितं निनावी चालत आली. जात्यावर बसलेल्या बाईने ओवी कुणाची हे कधी विचारलं नाही. कर्ता विसरला जाणं हीच आपल्याकडे वाक्याची पावती.

यातला ओव्यांचा आणि म्हणींचा भाग पूर्ण खरा आहे, आणि तो मला प्रियही आहे. पण जात्यावरच्या बाईने ओवी कधी कालिदासाच्या नावावर खपवली नाही. निनावी असणं आणि खोट्या नावाचं असणं या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे! म्हण निनावी असते म्हणून तिच्याशी भांडता येतं. एक म्हण तोंडावर फेकली तर उलट अर्थाची दुसरी म्हण परत फेकता येते, आणि आपल्या आज्या हे रोज करत असत. मोठ्या नावाखालचं वाक्य असं परत फेकता येत नाही.

सुभाषितांचं म्हणाल तर परंपरा उलट आहे. बाराव्या शतकाच्या आसपास बंगालमधल्या जगद्दल विहारात विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने ‘सुभाषितरत्नकोश’ संकलित केला, आणि त्यात शेकडो श्लोकांखाली कवींची नावं नोंदवली. चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधराच्या संग्रहातही नावं आहेत. कर्ता माहीत नसेल तर जुन्या संग्रहांत श्लोकाखाली ‘कस्यापि’ असं लिहिलेलं आढळतं, म्हणजे कुणाचा तरी. श्लोक सुंदर आहे म्हणून तो कालिदासाच्या नावावर टाकायचा मोह त्या संग्राहकांना झाला नसेल का? तरी त्यांनी ‘कुणाचा तरी’ लिहिलं. हा प्रामाणिकपणा आपला वारसा आहे.

विद्याकराचा हा संग्रह १९५७ मध्ये हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. संपादकांपैकी एक होते वि. वि. गोखले आणि दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी, त्याच धर्मानंदांचे चिरंजीव. व्यवसायाने गणिती, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. याच दामोदर कोसंबींनी १९४८ मध्ये भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढली. भर्तृहरी म्हणजे नीती, शृंगार आणि वैराग्य अशी तीन शतकं. प्रेम कसं असतं, मित्र कोणाला म्हणावं, आयुष्य कशात घालवावं, याबद्दल या देशात सर्वांत जास्त उद्धृत झालेला कवी. वामन पंडितांनी सतराव्या शतकातच त्याला मराठीत आणलं होतं. पण त्याच्या नावावर इतके श्लोक गोळा झाले होते, की प्रत्येक प्रदेशाचा भर्तृहरी वेगळा. कोसंबींनी देशभरातून शेकडो हस्तलिखितं मिळवली, कुठला श्लोक कुठल्या प्रतीत आहे हे ताडून पाहिलं, आणि सर्व परंपरांना समान असे सुमारे दोनशे श्लोक एका गटात ठेवले. काही प्रतींत असलेले आणि काहींत नसलेले वेगळे, एकटेदुकटे भटके आणखी वेगळे. या कवीशी कोसंबींचे विचार फारसे जुळणारे नव्हते. त्याच्या वैराग्यावर त्यांनी कठोर टीकाही केली आहे. तरी त्याचे शब्द त्याचे म्हणून वेगळे काढायला त्यांनी वर्षं घातली. न पटणाऱ्या कवीसाठी एवढे कष्ट घेणारा माणूस आपल्यातच होऊन गेला, आणि आवडत्या लेखकाचं पुस्तक उघडून पाहण्याएवढेही कष्ट आपण घेत नाही.

वारकरी परंपरेत तर नाव अभंगाच्या आतच असतं. शेवटच्या चरणातली नाममुद्रा ही संताची सही आहे. सालोमालो हा तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवत असे. गाथेत त्याच्यावरचे अभंग आहेत आणि त्यांत तुकोबांचा संताप आहे. देहाचा, घरादाराचा, इंद्रायणीत बुडवलेल्या वह्यांचा मोह सोडलेला हा माणूस शब्दांच्या भेसळीबद्दल मात्र संतापतो. कीर्तीच्या लोभाने तो संतापला असं त्याचं जगणं माहीत असलेला कुणी म्हणणार नाही. प्रभातच्या १९३६ च्या चित्रपटामुळे सालोमालो घराघरांत माहीत झाला. आज आपण त्याच्या उलट दिशेने तेच करतो. तो तुकोबांचे शब्द स्वतःच्या नावावर घेत होता, आपण स्वतःचे शब्द तुकोबांच्या नावावर घालतो. संतापायला तुकोबा आता नाहीत, एवढाच फरक.

त्यांच्या आधी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. स्वतः इतका समर्थ कवी, पण आपली एकही ओवी त्यात मिसळली नाही, आणि पुढच्यांनीही मिसळू नये असं बजावून ठेवलं. एकोणिसाव्या शतकात इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांची गाथा निघाली तेव्हा शंकर पांडुरंग पंडितांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या वह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. हे सगळं नाव गौण मानणाऱ्या परंपरेचं काम दिसतं का?

राहिला दुःखाचा मुद्दा. कुणाच्या घरी माणूस गेलेला असतो, कुणाला असाध्य आजार झालेला असतो, तेव्हा एखादं वाक्य आधार देतं. तिथे संदर्भ विचारणं क्रूर आहे, असं म्हणतात. दुःखात असलेल्या माणसाला संदर्भ विचारू नये हे मलाही मान्य आहे. ज्याने ते वाक्य त्याच्यापुढे ठेवलं त्याला मात्र विचारावं. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना १९९९ मध्ये कर्करोगाचं निदान झालं. पुढच्या वर्षी मे महिन्यात पेरूमधल्या एका दैनिकाने त्यांचं निरोपाचं काव्य म्हणून एक मजकूर छापला, आणि तो काही दिवसांत जगभर गेला. लोकांनी तो रडत वाचला. तो मजकूर जॉनी वेल्च या मेक्सिकन शब्दभ्रमकाराचा होता. आपल्या बाहुल्याच्या तोंडी घालायला त्याने तो लिहिला होता. आजारी मार्केसना खुलासा करावा लागला. हे आपण लिहिलं असं कुणाला वाटावं याची लाजच आपला जीव घेईल, अशा आशयाची त्यांची प्रतिक्रिया प्रसिद्ध झाली. ते त्यानंतर चौदा वर्षं जगले.

इथे दोघांवर अन्याय झाला. एका जिवंत, आजारी माणसाला लोकांनी त्याच्या मरणाचा निरोप लिहून दिला. त्याच्या घरच्यांनी तो वाचला असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? आणि वेल्चच्या मजकुरात बोलणारा चिंध्यांचा बाहुला आहे. ज्याला जीव नाही तो आयुष्याचा एक तुकडा मागतो, मिळाला तर माणसांना त्यांच्यावरचं प्रेम सांगेन म्हणतो. साहित्य म्हणून त्याची योग्यता काहीही असो, बाहुल्याने हे म्हणण्यात एक करुणा आहे. मरणाऱ्या नोबेल विजेत्याच्या तोंडी गेलं की बाहुला नाहीसा होतो आणि ती करुणाही. आपलं लिहिलेलं जगभर वाचलं जातं आणि आपलं नाव कुठेच नाही, याचं वेल्चला दुःख झालं. ते साहजिक होतं.

मार्केस खुलासा करू शकले. पु. ल. २००० च्या जूनमध्ये गेले, वपु २००१ च्या जूनमध्ये, कुसुमाग्रज त्याआधीच १९९९ मध्ये. व्हॉट्सअॅप आलं २००९ मध्ये. या तिघांच्या नावावर तिथे जे काही घातलं गेलं त्यातल्या एकाही शब्दाला ते नकार देऊ शकलेले नाहीत. त्यांच्या वतीने नकार देणं हे त्यांच्या वाचकांचं काम आहे. ते काम करणाऱ्याला कोरडा ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्या लेखकांवर ज्यांचं प्रेम आहे तेच हे प्रश्न विचारतात.

मैत्रीदिनाला अल्बेर कामूच्या नावाने एक वाक्य फिरतं, मित्राने पुढे किंवा मागे न चालता बरोबरीने चालावं अशा अर्थाचं. कामूच्या लेखनात त्याचा पत्ता लागलेला नाही. मैत्रीवरचं खरं वाक्य कसं घडतं हे पाहायचं तर फ्रेंच निबंधकार माँतेन्यकडे जावं. त्याचा मित्र एत्येन द ला बोएसी १५६३ मध्ये ऐन तिशीत वारला. १५८० मध्ये माँतेन्यने मैत्रीवरचा निबंध छापला. आपण या माणसावर एवढं प्रेम का केलं याचं जे उत्तर आज सर्वत्र उद्धृत होतं ते त्या आवृत्तीत नाही. १५८८ च्या आवृत्तीतही नाही. ते सापडतं बॉर्दोला जपून ठेवलेल्या त्याच्या स्वतःच्या प्रतीच्या समासात, हाताने लिहिलेलं. तेही एका दमात नाही. आधी अर्धं, मित्राविषयीचं. नंतर केव्हातरी वेगळ्या शाईने उरलेलं अर्धं, स्वतःविषयीचं. मित्र जाऊन पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर त्याला कळलं, की कारण म्हणून आपल्याला फक्त त्या माणसाकडे बोट दाखवता येतं, आणि त्यानंतर कळलं, की स्वतःकडेही दाखवायला हवं. या वाक्यातून बोएसी आणि माँतेन्य काढून टाका, काय उरतं? ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या नावाने लिहून पाहा. अर्थच लागणार नाही.

शोकसभेचे निवेदक, शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिणारे शिक्षक, दैनिकाच्या कोपऱ्यात चौकट भरणारे उपसंपादक आणि लग्नपत्रिका छापणारे यजमान यांच्याकडे माझी मागणी अवघड नाही. पुस्तक आणि पान माहीत असेल तर नाव लिहा. नाटकातल्या किंवा कथेतल्या पात्राचं बोलणं असेल तर पात्राचंही नाव लिहा. माहीत नसेल तर त्या जुन्या संग्राहकांसारखं ‘कुणाचं तरी’ लिहा. आणि वाक्य तुमचं स्वतःचं असेल, मित्राच्या साठीला किंवा आईच्या वर्षश्राद्धाला तुम्हाला सुचलेलं असेल, तर त्याखाली तुमचंच नाव घाला. समोर बसलेल्या लोकांना तुम्ही माहीत आहात, तुमचा मित्र माहीत आहे, तुमची आई माहीत होती. त्यांच्यासाठी त्या वाक्याला इमर्सनपेक्षा तुमच्या सहीचा आधार मोठा आहे.

एवढी चौकशी करत बसलो तर फळ्यावर लिहायला उरेल काय, असं एका शिक्षकाने मला विचारलं होतं. कोसंबींच्या छाननीनंतरही भर्तृहरीचे सुमारे दोनशे श्लोक उरतात, आणि त्यांतले नीतीवरचे वर्गात सहज सांगता येतात. शासनाने १९५० मध्ये काढलेल्या तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत, क्रमांक घातलेले. शाळेचं वर्ष दोनशे-सव्वादोनशे दिवसांचं असतं. रोज एका अभंगातला एक चरण क्रमांकासह फळ्यावर लिहिला, तरी नुसती गाथाच वीस वर्षं पुरेल.